उघड्या डोक्यांच्या माना

मॅडम, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका माणसाला नुकतंच ‘श्वास रोखून धरा’ म्हणालो होतो.

फोन ईशाचा होता. तुमच्या मुलीनं दोनच वाक्यं सांगितली, आणि मी ‘बरं’ म्हणालो. बरं! मोबाइल खिशात ठेवला आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून घुसमटलेला आवाज आला, “ओ सायब, सोडू का आता?” पाथरीकडचा माणूस, छातीचा एक्स-रे फोटो काढायला आलेला. उघडाबंब, मशीनला छाती टेकवून, लालबुंद होऊन उभा. मी म्हणालो, “सोडा.” त्यानं असा सुस्कारा सोडला की पडदा हलला. मग माझ्या लक्षात आलं की फोटो काढलेलाच नाही. त्याला परत रोखायला लावला. “एका छातीचे किती येळा काढता?” असं पुटपुटत त्यानं रोखला बिचाऱ्यानं.

त्यानंतर मी आणखी चार फोटो काढले. दोन गुडघे, एक कंबर, एक मनगट. चारही चांगले आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “आज काय झालं तुला, एकही हललेला नाही!” 

मला रडू आलं नाही, मॅडम. अजूनही आलेलं नाही. आज सोळावा दिवस. बायको रोज जेवताना माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, “एकदा रडून घ्या, मोकळं वाटंल.” मी म्हणतो, बघू, सवड मिळाली की. हात काम करतात, पाय सेंटरवर येतात, तोंड ‘इकडे बघा, हलू नका’ म्हणतं. मधल्या भागात काय चाललंय ते कुठल्याच फोटोत दिसणार नाही.

तुमचं शिक्षण, तुमचं कार्य वगैरे पेपरात छापून आलं. त्यात तुमचं वय दोन वर्षांनी कमी दिलंय. मी दुरुस्ती पाठवली नाही. तुम्हीही पाठवली नसतीत. मला लिहायचंय ते वेगळं आहे. बावीस वर्षं मी तुमच्या शेजारच्या खोलीत फोटो काढले आणि तुम्ही ते वाचले. एक गोष्ट मात्र मी तुम्हाला वाचू दिली नाही.

सुरुवात त्या जिंतूर तालुक्यातल्या बाईपासून झाली. दुसऱ्या गावचा रिपोर्ट पिशवीत घालून आली होती. मानेच्या मणक्यांतली नलिका अरुंद आहे, नस दबू शकते, ऑपरेशन लागेल, असं कुणी तरी सांगितलेलं. बाई घाबरून मान धरून बसलेली, जणू सोडली तर पडेल. तुम्ही मापं बघितली, तिला हात वर करायला लावले, चालायला लावलं, बोटांत जोर आहे का बघितलं. सगळं ठीक. तुम्ही विचारलंत, “मान दुखते?” ती म्हणाली, “न्हाई बाई. हात दुखायला होता म्हणून गेलते, त्यानीच मानंचा फोटो काढला.” ती गेल्यावर तुम्ही पुस्तक उघडून बराच वेळ बसलात. मग म्हणालात, “देविदास, अरुंद म्हणजे कुणापेक्षा? या पुस्तकातल्या माणसांनी परभणी बघितलेली नाही. मी दिवसातून वीस वेळा ‘नॉर्मल’ लिहिते. ते कुणाचं नॉर्मल आहे?”

मी म्हणालो, “मॅडम, आतापर्यंत कुणी तक्रार केली नाही.”

त्यावर तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत, तो तुमच्या अभ्यासातला माझा पहिला सहभाग.

मग तीन मोठ्या वह्या आल्या. आपल्याकडे रोज मानेचे काही फोटो निघतातच. कुणाच्या घशात काटा, कुणी मोटरसायकलवरून पडलेला, कुणाच्या गळ्याला गाठ. त्यातल्या ज्यांच्या मणक्यांत काहीच सापडायचं नाही त्यांची परवानगी घ्यायची आणि माप वहीत घ्यायचं. मणक्याची उंची, नलिकेची रुंदी, मानेचा बाक किती अंशांचा. बाई की पुरुष, वय काय, काम काय. पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलंत, “आपल्याला उत्सुकता आहे म्हणून एकाही माणसावर जास्तीचा किरण पडता कामा नये. जो फोटो त्याच्या दुखण्यासाठी निघेल तोच आपला.” मी मान हलवली. मला तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

कामाचा रकाना माझ्याकडे होता. माणसं बोलती करणं मला जमतं, असं तुमचं मत. एकाला विचारलं, “काय करता?” तो म्हणाला, “काय बी न्हाई.” “म्हणजे?” “पुढारी हाय.” तुम्ही त्याला ‘इतर’मध्ये टाकलात. शिंपी, कारकून, रिक्षावाले, शेतावरचे, मेंढ्यांमागचे, डोक्यावरून चारा-पाणी वाहणाऱ्या बायका, असे गट पडत गेले. तुम्ही प्रत्येक फोटोतली मान दोनदा मोजायचात. आज एकदा आणि आठवड्यानं पुन्हा, पहिलं माप झाकून. मी विचारलं होतं, “स्वतःवर विश्वास नाही का?” तुम्ही म्हणालात, “हातावर नाही. हात लाडावलेला असतो, त्याला हवं तेच मोजतो.” मी हसलो होतो. माझ्या जिभेबद्दल तुम्ही असं काही बोलला असतात तर बरं झालं असतं.

आणि आपली भांडणं. त्या भारा वाहणाऱ्या बायकांवरून तर वर्षभर चाललं. त्यांची मान दुखत नाही असं त्या सांगतात, म्हणून तुम्ही त्यांना नॉर्मलमध्ये घ्यायचात, आणि मग स्वतःच अस्वस्थ व्हायचात. “जे रोज दुखतं ते ती दुखणं म्हणून सांगतच नाही. मग ही नॉर्मल कशी?” मी म्हणायचो, “मॅडम, जिला काहीच दुखत नाही अशी बाई आणायची कुठून? मंत्रालयातून?” तुम्ही चिडून ‘देविदासराव’ म्हणायचात. राव लागला की मी चहा आणायला जायचो. परत यायचो तोवर तुम्ही त्या बाईच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलेलं असायचं, नंतर ते खोडलेलं असायचं. तिसऱ्या वहीत अशी कितीतरी खोडलेली प्रश्नचिन्हं आहेत. तो वाद मिटला नाही. आता माझ्याशी ‘राव’ लावून कोण भांडणार?

आता किल्लीचं सांगतो. तुम्हाला माहीत आहे, पण त्याच्या पुढचं सांगायला ते लागतं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मानेचा फोटो काढला, स्क्रीनवर बघितला, आणि मणक्यांच्या मधोमध एक लख्ख किल्ली. मी पळत तुमच्याकडे आलो. “मॅडम, या बाबांनी किल्ली गिळलीय!” तुम्ही उठेपर्यंत मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी पिऊ नका म्हणालो, धीर दिला. बाबा म्हणाले, “कोन्ती किल्ली? पेटीची? ती हाय की माज्यापाशी.” आणि पटक्याचा मागे सोडलेला शेमला पुढे ओढून त्याच्या टोकाला बांधलेली किल्ली माझ्या नाकासमोर धरली. तुम्ही इतक्या हसलात की पुढच्या पेशंटला वाटलं काही तरी चांगली बातमी आहे. मग एवढंच म्हणालात, “धातूचं काही आहे का, ते आधी विचारत जा.”

विचारत जा, एवढंच. पण माझा अपमान झाला होता ना! मी संध्याकाळी पुठ्ठा आणला, लाल स्केचपेन घेतलं आणि पाटी लावली: ‘फोटोपूर्वी डोक्यावरचे सर्व काढावे. हुकुमावरून.’ हुकूम माझाच. बायकांच्या पदरावर तुम्ही लगेच हरकत घेतलीत, “पदर कापडाचा आहे, तो राहू दे,” म्हणून बायका सुटल्या. पुरुष सापडले. पटका, टोपी, रुमाल, सगळं मी उतरवायला लावायचो. एका मास्तरांनी पाटी वाचून विग काढून माझ्या हातात दिला. तेव्हाही मला काही सुचलं नाही. मी तो खुंटीला अडकवला.

पुढे तुमच्या मापांत एक गोष्ट दिसायला लागली. बायकांच्या मानेला बाक व्यवस्थित. पोरांच्याही. पण वयस्कर शेतकरी आणि मेंढपाळ पुरुष घेतले की बाक कमी, काहींचा जवळपास सपाट. मणके चांगले, झीज नाही, दुखणं नाही, आणि बाक मात्र गेलेला. तुम्ही पुन्हा मोजलंत, पुन्हा झाकून मोजलंत. माप पक्कं होतं. तुम्ही मला विचारलंत, “असं का असेल रे?” 

तुम्ही मला विचारलंत, मॅडम! मी खुर्ची ओढून बसलो आणि सिद्धांत मांडला. मेंढ्यांमागचा माणूस दिवसभर जमिनीकडे बघतो. काटा बघतो, खूर बघतो, सापकिरडू बघतो. शेतकरी नांगराच्या फाळाकडे बघतो. जन्मभर खाली बघून मान तशीच बसते. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, “देविदास, हे तुझ्या डोक्यात आलं कसं?” त्या वाक्यावर मी सहा महिने जगलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, परभणीच्या स्टेशनवर एका अनोळखी माणसाला गाडी येईपर्यंत सांगितलं. तुम्ही लेखाला बसलात आणि त्या बाकाला स्वतंत्र भाग दिलात.

मग चारठाण्याचे मारोतीबाबा आले. जन्म मेंढ्यांत गेलेला, घशात माशाचा काटा. तुम्ही त्या दिवशी संभाजीनगरला तुमच्या तपासणीचा निकाल घ्यायला गेला होतात.

“बाबा, पटका काढा.”

“कामून?”

“ती पाटी वाचा.”

“वाचता आलं असतं तर मेंढ्या कशाला राखल्या असत्या? तुज्यावानी पाट्या लिवत बसलो असतो.”

“बाबा, नियम आहे.”

“काटा घशात हाय बाबा. डोस्क्यात न्हाई.”

बाहेर गर्दी होती. मी म्हणालो, राहू दे. पटक्यासकट उभं केलं आणि फोटो घेतला. ऐन वेळी त्यांना खोकला आला आणि मणक्यांच्या कडा धूसर झाल्या. परत काढावा लागणार होता. मी आवाज चढवला, “आता तरी काढा.” त्यांनी पटका उतरवून दाराशी थांबलेल्या नातीच्या हातात दिला, टाळूवरून एकदा हात फिरवला आणि मान खाली घातली. “काय ते झटक्यानं कर,” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “लोकांत उगडं उभं केलंस मला.”

दुसरा फोटो आला. काटा दिसला नाही, खोकल्यातच गेला असावा. मी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. पहिला हललेला होता, तरी विळ्याच्या पात्यासारखा छान बाक. दुसरा एकदम स्पष्ट, आणि मान सपाट.

दहा मिनिटांत माणसाचा धंदा बदलत नाही, मॅडम.

मेंढ्यांनी काही केलेलं नव्हतं. नांगराच्या फाळानंही नाही. जन्मभर डोकं झाकून लोकांत उभ्या राहिलेल्या माणसांना मी पुठ्ठ्याच्या पाटीखाली उघडं करत होतो. ती लाजून खाली बघत होती, आणि मी तेवढ्यात बटण दाबत होतो. तुम्ही मोजत होतात ती त्यांची शरम. ती मात्र तुम्ही अगदी अचूक मोजलीत.

संध्याकाळी तुमचा फोन आला. निकाल काय लागला ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि लगेच म्हणालात, “ते असू दे. बाकाचा तक्ता पूर्ण करायचाय मला. आता तेवढंच आहे.” मी ‘हो मॅडम’ म्हणालो. तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं निम्मंच. तो सिद्धांत माझा होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही तरी लेखात जात होतं. मेहुण्याला काय सांगणार होतो?

तुमचे केस गेले. तुम्ही मरून रंगाचा स्कार्फ बांधून यायला लागलात. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आत येऊन म्हणालात, “देविदास, माझा काढ. मानेचा.” मी मशीन लावलं. तुम्ही पाटीखाली उभ्या राहिलात. आणि माझं तोंड, मॅडम, या तोंडाचं काय करावं, सवयीनं बोलून गेलं, “डोक्यावरचं काढा.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. स्कार्फ सोडलात, हातात धरलात, आणि मान खाली घातलीत.

मी काचेच्या मागे गेलो. तुम्हाला ‘समोर बघा’ म्हणायला हवं होतं. माझ्याच्यानं म्हणवलं नाही. बटण दाबलं.

तुमचा फोटो तुम्हीच वाचलात. मणक्यांत जे बघायचं होतं ते बघितलंत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. मग खुर्चीत मागे टेकून म्हणालात, “हे रे काय? माझा बाक कुठे गेला? मी काय मेंढ्या राखल्या का?” 

एवढी चांगली संधी माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही. तुम्ही दार उघडून धरलं होतं. आणि मी म्हणालो, “वय झालं, मॅडम.”

“हं,” तुम्ही म्हणालात. स्कार्फ अजून हातातच होता. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलात. मग विचारलंत, “ती पाटी कुणी लावली रे?” 

“मीच की. किल्लीच्या वेळी.” 

“हो का,” तुम्ही म्हणालात आणि स्कार्फ बांधायला लागलात.

तुम्हाला तेव्हा कळलं का? मी तुमच्या तिन्ही वह्या चाळल्या. एखादी खूण, एखादं प्रश्नचिन्ह, माझ्या नावानं एखादी शिवी तरी. काही नाही. त्यानंतर तुम्ही वहीच उघडली नव्हतीत. कळलं म्हणून उघडली नाहीत, की ताकद नव्हती म्हणून, हे मला आता कोण सांगणार? तुम्हाला कळलं असेल तर तुम्ही मला माझ्या तोंडानं सांगायला वेळ दिला होतात. कळलं नसेल तर मी तुम्हाला एका चुकीच्या आनंदात जाऊ दिलं. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे ठरवत मी रोज गुडघे आणि मनगटं काढतोय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ईशा सेंटरवर आली. लॅपटॉप तुमच्या टेबलावर ठेवला, तुमच्या खुर्चीत मात्र बसली नाही, स्टूल ओढलं. म्हणाली, “देविदासकाका, आईचा लेख मी पाठवणार आहे. बाकाचा भाग तर एकदम नवीन आहे, तोच आधी. त्यावर आईचं नाव राहील.” 

मी म्हणालो, “तो भाग पाठवू नका.” 

“का?” 

सांगितलं. किल्ली, पाटी, मारोतीबाबा, सगळं. एरवी किल्लीच्या गोष्टीला माणसं हसतात. ती हसली नाही. मी ते दोन फोटो तिला दाखवले. ती पुण्यात तुमचंच शास्त्र शिकतेय, तिला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. 

“आईला सांगितलंत?” 

“नाही.” 

“का नाही?” 

“त्या खूश होत्या.” 

“आणि मी खूश नव्हते का? मला का सांगितलंत?” 

“त्यांचं नाव लागणार ना त्यावर. माझा पुठ्ठा छापून येईल त्यांच्या नावानं.”

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. मग म्हणाली, “त्याच माणसांचे पुन्हा काढता येतील का, पटक्यासकट?” मी तोंड उघडायच्या आत तिनंच उत्तर दिलं. “नाही. जास्तीचा किरण पडला तर आई उठून बसेल.” 

मग आम्ही दोघं वह्या घेऊन बसलो. एकेक नाव. डोक्यावर काय होतं? टोपी. काढा. पटका. काढा. हा आठवत नाही. मग हाही काढा. मला माणसं लक्षात राहतात याचा मला कायम गर्व होता. त्या दुपारी एकेकाचा चेहरा आठवत होता आणि प्रत्येक चेहरा खाली बघत होता. संपलं तेव्हा वयस्कर पुरुषांच्या बाकाचा तक्ता जवळपास रिकामा होता. तुमचा शोध गेला, मॅडम. माझा सिद्धांतही गेला, त्याचं काही नाही.

मणक्यांची उंची राहिली. नलिकेची रुंदी राहिली. डोकं झाकलेलं असो की उघडं, हाड तेवढंच असतं. ईशा म्हणाली, इथल्या माणसांची ती मापंच आईला सगळ्यात आधी हवी होती. ती जिंतूरची बाई पुन्हा कुठे रिपोर्ट घेऊन गेली, तर तिला कुणी तरी सांगू शकेल की ही मान अशीच असते. ईशा ते जाईल तिथे पाठवणार आहे, तुमच्या नावानं. बाकाचा भाग का गाळला तेही लिहावं लागेल म्हणाली. “कारणात तुमचं नाव घालू, काका?” 

“घाला,” मी म्हणालो, “पदविकेसकट घाला.” 

तेव्हा ती हसली. आणि हसता हसता तिला रडू आलं. मी शेजारी उभा होतो. मला आलं नाही.

आज सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. शेळ्या हाकताना बांधावरून पडलेले, मानेचा फोटो लिहून दिलेला. पाटी आता नाही, तरी त्यांचा हात आपोआप पटक्याकडे गेला. कुणी तरी शिकवलंय ना त्यांना. मी म्हणालो, “राहू द्या बाबा. फक्त किल्लीबिल्ली, पिनबिन असंल तर सांगा.” त्यांनी शेमला चाचपला, काही नव्हतं. ते भिंतीशी उभे राहिले, पटक्यासकट, दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत, गावच्या पारावर उभं राहावं तसे. फोटो पहिल्या झटक्यात आला. काही मोडलेलं दिसलं नाही. बाक असा, मॅडम, की तुम्ही मला हाक मारून दाखवला असता.

ते खुर्चीत टेकले आणि शेजारच्या खोलीकडे बघून म्हणाले, “मागल्या साली आलतो तवा मॅडमनी सोता समजून सांगितलं हुतं. आज न्हाईत का?” 

“न्हाईत.” 

“मंग कवा येतेत?” 

मी स्क्रीनकडे बघितलं. रिपोर्ट सांगायचा मला अधिकार नाही, हे तुम्ही मला हजारदा बजावलं होतं. मी म्हणालो, “बाबा, मान चांगली हाय तुमची. लय चांगली हाय.”